साल्वादोरचे अठ्ठावीस दिवस

साल्वादोरला खोटं बोलता येत नाही. लहानपणी माझ्या परसातले पेरू न्यायचा आणि मी काही विचारायच्या आधीच कुंपणापलीकडून ओरडायचा, ‘‘काकी, मी नाय हां!’’ तेव्हा कान असे लालबुंद झालेले असायचे, की पेरू किती नेले तेसुद्धा कानावरूनच कळावं. आमच्या देवबागात थापा मारणाऱ्यांची वाण नाही, घरटी एक सापडेल. त्यात हा एक असा निघाला, म्हणून माझा त्याच्यावर जीव.

मी राधा. खाडीच्या बाजूला माझं चार खोल्यांचं न्याहारी-निवास आहे. पाहुणे म्हणतात, काकींचं जेवण छान आणि तोंड फटकळ; दोन्ही खरं आहे. साल्वादोरची आई फ्लाव्हिया माझी शेजारीण. आमच्या दोघींच्या मध्ये माडाच्या झापांचं कुंपण आहे, पण ते फक्त कोंबड्यांना अडवतं. त्यामुळे साल्वादोर अर्धा तिच्या घरात वाढला आणि अर्धा माझ्या.

या पोराला चाकांचं वेड. एका बाजूला खाडी, दुसऱ्या बाजूला समुद्र आणि मध्ये आमचा हा सुतळीएवढा रस्ता. त्या रस्त्यावर समोरून बर्फाची गाडी आली की भलेभले ड्रायव्हर देवाचं नाव घेतात. साल्वादोर मिसरूड फुटायच्या आधीपासून ती गाडी रिव्हर्समध्ये अशी काढायचा, की माडाचं पान हलू नये. पुढे फौजेत भरती झाला, आणि तिथेही वरच्यांनी दोन दिवसांत ओळखलं की याच्या हाती स्टेअरिंगच द्यावं. सात वर्षांत दंडावर लान्स नायकची फीत आली. फ्लाव्हियाने तो फोटो एवढा मोठा करून लावला, की भिंतीवरच्या येशूला बाजूला सरकावं लागलं.

मग मारियानशी लग्न ठरलं. मारियान नर्स आहे. रविवारी संध्याकाळी फाटलेली डोकी घेऊन लोक तिच्या दवाखान्यात येतात, ती टाके घालते आणि टाके घालता घालता त्यांना असं झोडपते, की भूल द्यायची गरज पडत नाही. तिचे वडील इनास मास्तर. निवृत्त होऊन बारा वर्षं झाली, तरी सदऱ्याची इस्त्री मोडलेली मी पाहिलेली नाही. मुलगा बघायला बोलावला तेव्हा त्यांनी ना पगार विचारला, ना जमीनजुमला. एकच प्रश्न केला.

‘‘पितंस काय?’’

‘‘नाय, सर,’’ साल्वादोर म्हणाला. मी तिथेच बसले होते. कान अगदी पांढरेफटक. मास्तरांनी हात पुढे केला आणि दोन मेची तारीख धरली.

आता इथे बाहेरगावच्यांना एक गोष्ट सांगायला हवी. मार्च-एप्रिलात काजूची बोंडं पिकली, की त्यांच्या रसाची पहिली धार काढतात, तो हुर्राक. लिंबू पिळायचं, मीठ टाकायचं, एक मिरची उभी चिरून सोडायची. आमच्याकडे हुर्राकाला दारूत कुणी धरतच नाही. उन्हाळा वाढलाय, पोटाला थंडावा हवा, असं म्हणायचं आणि ग्लास उचलायचा. माझा नवरा सत्यवान सोमवारी दारूला शिवत नाही, पण एप्रिलातल्या सोमवारी हुर्राक चालतो. वर म्हणतो, ‘‘मी खंय पितंय?’’ तेव्हा साल्वादोरचं ते ‘नाय’ खोटं नव्हतं. ते आमच्या गावाचं ‘नाय’ होतं.

गेल्या वर्षी ईस्टरच्या सुमाराला गोव्याहून फ्लाव्हियाच्या बहिणीने हुर्राक पाठवला. आईचंच काळीज ते. पोराला उत्तरेत कुठे मिळणार म्हणून तिने खोकल्याच्या औषधाच्या दोन रिकाम्या बाटल्या धुतल्या आणि काठोकाठ भरल्या. तळेऱ्याचा दीपेश साल्वादोरच्याच पलटणीत आहे, तो रजा संपवून परत निघाला होता. त्याच्या बॅगेतून बाटल्या गेल्या.

पुढचं सगळं मला साल्वादोरने स्वतः सांगितलेलं आहे, एकदा नव्हे, दहादा.

रविवार होता. सुट्टी होती. दुपारी जेवणाआधी साल्वादोरने स्टीलचे दोन ग्लास भरून घेतले, आणि गावची आठवण आली म्हणून तिसरा. तेवढ्यात निरोप आला की पाण्याच्या टँकरचा ड्रायव्हर तापाने पडलाय आणि फॅमिली क्वार्टरमध्ये नळ कोरडे आहेत, कोण जाईल? साल्वादोर उठला. दारू प्यायलेल्या माणसाने गाडी चालवू नये हे त्याला पाठ होतं, पण आपण दारू प्यायलोय हे त्याच्या डोक्यातच आलं नाही! देवबागचा नसताना ही चूक करून दाखवावी कुणी.

टँकर निघाला. मागचा नळ बंद करायचा राहिला होता. छावणीचा अख्खा रस्ता धुऊन काढत गाडी चालली. वळणावर कडेला चुना लावलेल्या विटा ओळीने उभ्या केलेल्या असतात. त्यातल्या अकरा आडव्या झाल्या. क्वार्टरपाशी बायका बादल्या घेऊन उभ्या, टँकरमधून एक थेंब येईना, आणि साल्वादोर वाकून टँकरच्या पोटाला कान लावून बघतोय. मिलिटरी पोलीस ओल्या रस्त्याचा माग काढत आले. त्यांना जवळ यावंसुद्धा लागलं नाही, वासच पुढे गेला.

हे सांगताना तो हसतो, मीही हसते. पण इथे आला की तो थांबतोच. पाचव्या विटेपाशी एका हवालदाराची मुलगी सायकल शिकत होती. टँकर यायच्या दहाच मिनिटं आधी आईने जेवायला हाक मारली, म्हणून ती घरात गेली होती.

पलटणीच्या डॉक्टरने तपासून चिठ्ठी लिहिली. आरोप कागदावर आला आणि बुधवारी सकाळी कमांडिंग ऑफिसरपुढे पेशी ठरली. फौजेत यासाठी कोर्टकचेरी लागत नाही. लहान गुन्ह्यांचा निकाल पलटणीचा साहेब स्वतः देतो, आणि अठ्ठावीस दिवसांपर्यंत अडकवून ठेवायचा त्याला अधिकार असतो. साल्वादोरने बोटांवर मोजलं. बुधवारपासून अठ्ठावीस दिवस म्हणजे मेचा पहिला आठवडा ओलांडला. दोन मे मध्येच बुडाली.

दीपेश घाबरून आला. ‘‘अरे, बाटली खोकल्याच्या औषधाची आसा. तशीच दाखव. खोकलो होतो, औषध जास्त झाला, म्हण. औषधात पण थोडी असताच.’’

वाट खरोखर मोकळी होती. बाटलीवर कागद होता, कागदावर चमच्याचं चित्र होतं. साल्वादोरने रात्रभर आरशासमोर सराव केला असता तरी कानांचं काय करणार होता? पण मला तो सांगतो की कानांची भीती नव्हती. त्याला ती सायकल दिसत होती.

बुधवारी टोपी आणि पट्टा काढून घेतला, दोन जवानांच्या मध्ये उभं केलं आणि लेफ्ट-राइट करत आत नेलं. नेणारे सुभेदार परशुराम गावडे, आपल्या आंबोलीचे. फौजी माणसाला टोपी-पट्ट्याशिवाय उभं करणं म्हणजे काय, ते मला त्याने सांगितलं: ‘‘काकी, लुंगीवर चर्चात गेल्यासारखां वाटता.’’

साहेबांनी विचारलं, ‘‘शराब पी थी?’’

‘‘हुर्राक, साहब.’’

साहेब उत्तरेकडचे. त्यांनी कागदावरून मान वर केली आणि सुभेदारांकडे पाहिलं. सुभेदार सावधानमध्ये ताठ उभे. तीस वर्षांच्या नोकरीत त्यांना इतका अवघड प्रश्न कुणी विचारला नव्हता. दर एप्रिलात रजेवर येऊन तेही थंडावा घेतच असणार की!

‘‘साहब,’’ ते म्हणाले, ‘‘काजूचा असतो. हमारे गाँव में उसको शराब नहीं मानते.’’ मग नजर छताला लावली. ‘‘लेकिन शराबच है, साहब.’’

साहेबांच्या मिशीखाली काहीतरी हललं, असं साल्वादोर शपथेवर सांगतो. पण निकाल देताना ते हलणं थांबलं होतं. अठ्ठावीस दिवस लाइनबंदी, म्हणजे छावणीबाहेर पाऊल टाकायचं नाही. लान्स नायकची फीत काढायची. नव्याने परीक्षा होईपर्यंत गाडीला हात लावायचा नाही. आणि सेवेच्या कागदावर लाल शाईची नोंद. ही लाल शाई पुसत नाही. अशा चार झाल्या तर पलटण माणसाला घरी पाठवू शकते.

‘‘कुछ कहना है?’’

‘‘साहब, दो मई को शादी है.’’

साहेबांनी पेन खाली ठेवलं. मग जे बोलले ते साल्वादोरला शब्दन् शब्द पाठ आहे. लग्न पुढे ढकलता येतं, हे तुझं नशीब. विटांच्या जागी ती मुलगी असती, तर ढकलण्यासारखं काही उरलं नसतं. शिक्षा संपली की रजेचा अर्ज कर, मी सही करीन.

संध्याकाळी फोनची मुभा मिळाल्यावर त्याने पहिला फोन मारियानला केला. मी आणि फ्लाव्हिया योगायोगाने तिच्याचकडे होतो. साड्यांचे रंग ठरवत होतो. तिने सगळं ऐकून घेतलं. चेहरा आधी पांढरा झाला, मग लाल. मी म्हटलं, आता हा फोन खाडीत जाणार.

‘‘किती दिस?’’

‘‘अठ्ठावीस.’’

‘‘कोण जखमी?’’

‘‘कोण नाय. अकरा इटा.’’

तिने खुर्ची ओढली आणि बसली. ‘‘बरां. साहेबान तुका शिक्षा दिल्यान, ती तेची. आता माझी ऐक.’’

आमच्याकडे लग्नाची तारीख बदलली की घरोघर जाऊन सांगावं लागतं. पत्रिका घेऊन जसं गेलो, तसंच परत जायचं. नाहीतर लोक रुसतात. आणि प्रत्येक घरात ‘कित्या?’, म्हणजे का, हा प्रश्न येतोच. ऐंशीच्या वर घरं होती. मारियान म्हणाली, ‘‘गाडी तू चलवलंस, पाय मी कित्या झिजवू? रोज तीन घरांक तू स्वतः फोन करतलंस. मी यादी धाडतंय. आणि काय बोलूचां ता पण सांगतंय: ‘मी दारू पिऊन गाडी चलवलंय, म्हणान माका शिक्षा झाली.’ रजा मेळाक नाय, बॉर्डरीर गडबड आसा, असलां कायेक नाय.’’

‘‘मारियान...’’

‘‘आणि कोणी म्हटल्यान हुर्राक म्हणजे दारू न्हय, तर तेका पटासर फोन ठेवचो नाय.’’

‘‘आणि सरांक?’’

मारियानने आवाज खाली आणला. ‘‘पप्पांचां नाव शेवटाक घालतंय. तारीख पुढे गेली, कारण साल्वादोर सांगतलो, इतक्याच मी तेंका सांगतंय. पण आताच सांगून ठेवतंय, पप्पा नाय म्हणाले, तर मी तेंच्या मनाविरुद्ध जावचंय नाय.’’

मास्तरांना ‘पितंस काय’ विचारल्यावर ‘नाय’ मिळालं होतं. त्यांच्या हिशेबी मुलगा खोटारडा ठरणार होता, आणि मास्तर एकदा नापास केलेल्याला पुन्हा पेपर देत नसत. फ्लाव्हिया घरी येईपर्यंत रडली. ‘‘माझ्याच बाटलीन घात केल्यान गो!’’ मी तिला म्हटलं, बाटली काय टँकर चालवत होती?

तर असे फोन सुरू झाले. दिवसभर साल्वादोरला बिगुल वाजला की पाठीवर वजनाचा पिट्ठू बांधून गार्डरूमपुढे हजर व्हायचं. भांडी घासायची, गवत काढायचं, त्या अकरा विटांना स्वतःच्या हाताने चुना लावायचा. पिट्ठूचं त्याला काही वाटलं नाही. संध्याकाळी बाकावर बसून तीन फोन करायचे, त्याला मात्र घाम फुटायचा.

कारण आमचे लोक! एकालाही राग आला नाही त्याचा. सगळ्यांना राग आला तो फौजेचा. ‘‘हुर्राकार शिक्षा? असली कसली रे तुमची पलटण!’’ बँडवाल्याने विचारलं, हुर्राक चांगला होता का आणि अजून शिल्लक आहे का. एका आत्याबाईने सांगितलं की मी लहानपणी तापात घेतला होता, मला काही झालं नाही. बिचाऱ्याला प्रत्येकाशी वाद घालावा लागे, आणि तोही फौजेच्या बाजूने. एका काजूवाल्याला पटवायला त्याला तीन संध्याकाळी लागल्या.

आमच्या घरी पाचव्या दिवशी फोन आला. सत्यवानने उचलला, मी स्पीकर लावला.

‘‘मेल्या, हुर्राक कसली दारू? तुझ्या साहेबाक काजू खंय म्हायती?’’

‘‘काका, दोन गिलास घेवन तुमी इंजिन चालू केलास, तर होडी सरळ जाता?’’

सत्यवान पर्यटकांना होडीतून संगमावर नेतो. तो म्हणाला, ‘‘माझी होडी माका वळाखता.’’

‘‘माझो टँकर पण माका वळाखी, काका. तरी सगळां पाणी रस्त्यार गेलां. तुमच्या होडयेत पोरां बसतत.’’

सत्यवानने खिडकीतून खाडीतल्या होडीकडे पाहिलं. मग ‘‘बरां, दारू तर दारू’’ असं पुटपुटून त्याने फोन माझ्या हातात दिला. दुसऱ्या दिवसापासून त्याचा दुपारचा हुर्राक संध्याकाळवर गेला, होडी बांधून झाल्यावर. मी त्यावर एक शब्द बोलले नाही. बोलले असते तर परत दुपारवर आला असता.

तिकडे पलटणीत या फोनांची बातमी झाली. संध्याकाळी गार्डचे जवान बाकाभोवती ऐकायला जमू लागले. भाषा कळत नसे, पण ‘दारू’ आणि ‘टँकर’ कळायचं आणि हशा पिकायचा. एकदा सुभेदार गावडे येऊन मागे उभे राहिले. साल्वादोर ताडकन उठला. त्यांनी यादी मागितली, चष्मा लावून वाचली आणि एका नावावर बोट ठेवलं. ‘‘ह्यो माझो मेव्हणो. एप्रिलात मोटारसायकलीवरना घाट उतरता. तेका जरा मोठ्यान सांग.’’ शिक्षा मात्र कुणी एका दिवसानेही कमी केली नाही.

साल्वादोर मला म्हणाला, ‘‘काकी, पयल्या दहा घरांक मी मारियान सांगता म्हणान सांगी. चाळिसाव्या घराक माझां माकाच पटलां.’’ मला वाटतं, साहेबांच्या लाल शाईपेक्षा ही शाई पक्की बसली.

अठ्ठाविसाव्या दिवशी मारियानने मला बोलावून घेतलं. ‘‘काकी, पप्पांनी फोन आपटल्यानी तर माझ्याजवळ कोण तरी व्हया.’’ मी बांगड्यांचं कालवण घेऊन गेले. रिकाम्या हाताने असल्या प्रसंगी जाऊ नये. मास्तर ओट्यावर खुर्चीत बसले होते. कडक सदरा, मांडीवर फोन. मारियान दारात उभी. ही टाके घालणारी मुलगी, हिला नखं खाताना मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

सव्वासहाला फोन वाजला. मास्तरांनी तीन वेळा वाजू दिला. मग स्पीकर लावला.

‘‘सर, साल्वादोर बोलतंय. मी दारू पिऊन गाडी चलवलंय, म्हणान माका शिक्षा झाली. शिक्षा आज संपली. फीत गेली, सर. मी आता साधो शिपाय.’’

मास्तरांनी सदऱ्याची बाही सरळ केली.

‘‘तुमी माका इचारलास, पितंस काय. मी नाय म्हटलंय. तेव्हा माका ता खरां वाटलेलां. पण ता खरां नव्हतां. तुमी काय ठरवशात ता माका मान्य आसा.’’

‘‘आधी किती घरांक सांगितलंस?’’ मास्तरांनी विचारलं.

‘‘ऐंशीच्या वर, सर.’’

‘‘आणि माका शेवटाक.’’

‘‘होय, सर.’’

त्याने मारियानचं नाव घेतलं नाही. यादी तिची, क्रम तिचा. एक शब्द बोलला असता तर सुटला असता. मारियानने तोंडावर हात घेतला. मला राहवेना, मी म्हणणारच होते, ‘मास्तर, अहो...’ पण मास्तरांनी माझ्याकडे असं पाहिलं, की मी चौथीच्या वर्गात जाऊन बसले.

‘‘साल्वादोर,’’ ते म्हणाले, ‘‘ह्या गावात ऐंशी घरांक कळलेली गोष्ट माका कळाची नाय? मासळीवालीन दुसऱ्याच दिवशी सांगितल्यान.’’

मारियानचा तोंडावरचा हात खाली आला.

‘‘मी रोज सांजचो समुद्रार फिराक जाणारो माणूस. बारा वर्सां चुकाक नाय. पण थय रेंज नाय, आणि तुझो फोन कधी येतलो ता कोणाक म्हायती? आज येयत, उद्या येयत. अठ्ठावीस दिस मी ह्या ओट्यावरना खाली उतराक नाय.’’ त्यांचा आवाज चिरकला आणि त्यांनी तो लगेच सरळ केला. ‘‘तू थय लाइनीत होतंस, मी हय होतंय. आता दोघांयची शिक्षा संपली. बावीस तारखेक लग्नाक वेळेवर ये.’’

साल्वादोर काय म्हणाला ते कळलं नाही. बहुतेक तो सावधानमध्ये उभा राहून रडत होता. मारियान दाराला टेकून खाली बसली आणि हसायला लागली, ती थांबेचना.

मास्तरांनी फोन तिच्या मांडीवर ठेवला, चपला पायात सरकवल्या आणि काठी शोधून ओटा उतरले. समुद्राकडे वळेपर्यंत त्यांनी एकदाही मागे पाहिलं नाही.